वर कोणी राहिलं नाही ना

प्राड, सोमवार, १२ मे

प्रिय त्सेन्सी,

तुला, तुझ्या गायींना आणि त्या चावऱ्या कुत्र्यालाही नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत. पाऊस आहे. तुझ्याकडेही असणारच, कारण आज पांक्रास, थंडीच्या संतांमधला पहिला, आणि हे संत कधी कोरड्या पायांनी आल्याचं मला आठवत नाही.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र तू फाडणार नाहीस याची खात्री आहे. ख्रिसमसच्या भेटवस्तूंवरचे कागद इस्त्री करून कपाटात ठेवणारी बाई पत्र काय फाडणार? वाचशील, नाक मुरडशील आणि त्याच कपाटात ठेवशील. तेवढं मला पुरे आहे.

ईस्टरपासून तू घाट बंद केला आहेस. हा शब्द तुझ्या भावाने आपल्या घरात आणला, आठवतं ना? लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात मी त्याच्याशी बोलेनाशी झाले, तर हा घाटरस्त्याच्या कामावरची जुनी लाल पाटी घेऊन आला आणि आमच्या खोलीच्या दाराला टांगली. ‘घाट बंद.’ मला हसू आलं आणि रुसवा फिसकटला. तेव्हापासून घरात कोणी रुसलं की घाट बंद. तुझ्या दाराला पाटी नाही, पण मी तीनदा येऊन गेले आणि तीनही वेळा तू गोठ्यात होतीस. इतकं दूध तुझ्या गायी देत नाहीत, त्सेन्सी.

ईस्टरला तू काय म्हणालीस ते मी इथे उगाळणार नाही. पण विसरलेही नाही. “आमच्या घरातली माणसं आमच्याच शेगडीच्या खोलीत डोळे मिटतात, परक्यांच्या कॉटवर नाही.” सगळ्यांसमोर म्हणालीस, हातात कोकराच्या मटणाची बशी होती. मग माझ्या मनगटाच्या प्लॅस्टरकडे बघून म्हणालीस, “बर्फावर एकदा पाय काय घसरला, तर लगेच नवऱ्याचा कंटाळा आला.” तुझ्या आईचं सगळं तू घरात केलंस, शेवटपर्यंत. ते मी पाहिलं आहे आणि त्याबद्दल तुला कोणी बोललेलं मी खपवून घेणार नाही. म्हणून त्या दिवशी मी गप्प बसले.

आता जे सांगायचं ते सांगते. शुक्रवारी श्टेर्त्सिंगच्या त्या वृद्धांच्या घरात कासिआनची, तुझ्या भावाची, खोली तयार होते आहे. आमच्या रोस्विताने सगळं ठरवलं आहे. तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि मुलगी म्हणून ती रोज जाईल, हेही खरं आहे. आपल्या पासायर खोऱ्यातून याउफेन घाट ओलांडला की श्टेर्त्सिंग. तासाभराचा रस्ता, आणि याउफेन आता उघडा आहे. मी आज सकाळी त्याची बॅग गाडीत ठेवली, गावाबाहेर आले, आणि याउफेनकडे वळायचं त्या वळणावर उलट्या दिशेला गाडी घातली.

त्याला मी म्हटलं, “घाट बघून येऊ.”

“कुठला?”

“सगळे.”

“मे महिन्यात? सगळे बंद असतील.”

“मग बंद असलेलेच बघू.”

यावर त्याने मान डोलावली. त्याला हे पटलं. बंद घाट बघायला जाणारे लोक त्याला शहाणे वाटत असावेत.

गाडी मी चालवते. तो शेजारी बसून उजव्या पायाने ब्रेक मारतो. मेरानपर्यंत त्याने गाडीचा तळ फोडायचाच बाकी ठेवला होता. “दुसऱ्यात उतर. गाडी गिअरने थांबवायची, ब्रेक काय, दुकानापुढे थांबायला असतात.” माझं नाव त्याला सकाळपासून आठवत नाही. पण गिअर चुकला की लगेच कळतं.

दुपारी श्टिल्फ्सच्या घाटाखालच्या फाटकापाशी गेलो. पाऊस बारीक, ढग अगदी डोक्यावर. फाटकापुढे एक जर्मन जोडपं झोपायच्या गाडीतून आलेलं, तरुण, वैतागलेलं. तो मुलगा कासिआनला म्हणाला, “मोबाइल तर दाखवतोय की रस्ता आहे.”

“मग मोबाइलला पाठवा पुढे,” तुझा भाऊ म्हणाला. “तो परत आला तर तुम्ही जा.”

ती मुलगी इतकी हसली की तिने मला बिस्किटं दिली. कासिआनने टोपी काढली, फाटकाचं कुलूप हातात धरून पाहिलं, वरच्या उताराकडे नजर लावली आणि म्हणाला, “बर्फ खालून ओलं झालंय. अजून दोन आठवडे.” त्या क्षणी त्याच्याकडे पाहून कोणी म्हटलं नसतं की हाच माणूस सकाळी दाढीचा साबण पावाला लावत होता.

एक नवीन खोड लागली आहे. कुठूनही निघालो की तो मागे वळतो. खानावळीतून निघताना टेबलाखाली वाकून बघतो, खुर्च्यांमागे बघतो, प्रसाधनगृहाचं दार ढकलून आत हाक मारतो. “कोणी राहिलं नाही ना?” वाढणारी मुलगी घाबरली. मी तिला सांगितलं, जुनी सवय आहे. तुला तर ही सवय ठाऊकच आहे. शरद संपताना घाट बंद करायच्या दिवशी तो एकटा गाडी घेऊन माथ्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. प्रत्येक झोपडीपाशी थांबून हाक मारायचा. वर कोणी राहिलं नाही ना, बघून मगच फाटक पाडून कुलूप लावायचं. एका वर्षी त्याला तो म्हातारा चीजवाला सापडला होता, ताप भरून पडलेला, तेव्हापासून तर फारच. घाट बंद करायच्या दिवशी जेवायला कितीही उशीर झाला तरी मी कधी बोलले नाही.

आता झोपते. माझे जिरेनियम तळघरात आहेत. किल्ली कुठे असते ते तुला माहीत आहे. थंडीच्या संतांमधली शेवटची, सोफी, जाईपर्यंत बाहेर काढू नकोस, आणि मी तुला हे सांगते आहे म्हणून मुद्दाम काढूही नकोस.

तुझी
बुर्गी


सोल्डन, बुधवार, १४ मे

प्रिय त्सेन्सी,

नमस्कार. परवाचं पत्र काल प्राडच्या पेटीत टाकलं. हे कदाचित त्याच्याबरोबरच पोहोचेल. पाऊस थांबलेला नाही. माझे बूट दोन दिवस वाळलेले नाहीत आणि कासिआनने माझ्या बुटांत खानावळीचं वर्तमानपत्र कोंबून ठेवलं. अगदी नीट, टाचेपर्यंत. मालकाने ते वाचायला शोधलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसले.

काल रेशेनवरून आलो. धरणाचं पाणी उतरलेलं होतं, चिखल उघडा पडला होता आणि मधोमध तो बुडालेल्या गावातला चर्चचा मनोरा. थांबायचा माझा विचार नव्हता. तो म्हणाला, थांब. पावसात उतरला, चिखलाच्या कडेपर्यंत गेला. मी छत्री घेऊन मागे. तिथे उभा राहून त्याने दोन्ही हात तोंडाशी नेऊन हाक मारली. मग माझ्याकडे वळला.

“इथलं कोणी राहिलं नाही ना?”

“नाही. सगळे वेळेवर निघाले.”

“म्हातारेसुद्धा?”

“म्हातारेसुद्धा.”

“त्यांना कुठे नेलं?”

मी म्हटलं, पाऊस वाढतोय, चल. गाडीत बसल्यावर त्याने त्याचं जाकीट माझ्या गुडघ्यांवर टाकलं आणि स्वतः सदऱ्यावर कुडकुडत बसला. परत घे म्हटलं तर ऐकेना. एरवी मी त्याच्याशी भांडले असते. काल तसंच ठेवलं.

आज सकाळी मी त्याला आपल्या टिमेल्सच्या घाटावर नेलं, पण या बाजूने, ऑस्ट्रियाच्या. इतकी वर्षं त्याने दक्षिणेकडून बर्फ कापत माथा गाठला आणि पलीकडून वेंडेलीन त्याचं यंत्र घेऊन यायचा. वेंडेलीनला तू एकदाच पाहिलं आहेस, आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला. उंच, कानावर केस असलेला, तुझ्याबरोबर नाचताना तुझ्या पायावर पाय देणारा. मी त्याला काल फोन करून ठेवला होता. तो फाटकापाशी उभाच होता, तीच टोपी, बगलेत बाटली, कागदात गुंडाळलेलं, धुरी दिलेलं डुकराचं श्पेक आणि कडक पाव. दरवर्षी बर्फ फुटून दोन यंत्रं समोरासमोर आली की जो आधी पोहोचला त्याने बाटली उघडायची, हा त्या दोघांचा नियम होता.

तो वेंडेलीनला ओळखणार नाही, आणि वेंडेलीन रडेल, आणि मला दोघांना सांभाळावं लागेल, असं मी धरून चालले होते.

कासिआन गाडीतून उतरला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “तू म्हातारा झालास, वेंडेलीन.”

“आणि तू नेहमीसारखा उशिरा आलास,” वेंडेलीन म्हणाला. “तुझ्याकडे ऊन, माझ्याकडे सावली, तरी दरवर्षी मी आधी.”

“माझ्याकडे ऊन आणि सरळसोट कडे, गाढवा. ऊन पडलं की वरचं सगळं अंगावर येतं. तुझ्याकडे काय, बसून ढकलायचं.”

दोघं फाटकावर कोपर टेकून उभे राहिले. पाऊस बाटलीत पडत होता. त्यांनी वरच्या बर्फाबद्दल तासभर वाद घातला, मधे रस्त्याच्या खुणेचे खांब कुठे मोडले असतील याबद्दल, रस्ता बर्फाखाली कुठे वळतो याबद्दल. खांब नसले तरी त्याला रस्ता सापडायचा, हे वेंडेलीनने मला पुन्हा सांगितलं, जणू मला माहीतच नव्हतं. मी गाडीच्या दारात बसून श्पेक कापत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी मनात म्हटलं, कुठलं घर आणि कुठलं काय, उद्या याला घेऊन सरळ परत जाते. त्सेन्सी म्हणते तेच खरं. रोस्विताला फोन करायचा म्हणून मी पिशवीत हातसुद्धा घातला.

तेवढ्यात वेंडेलीनने चेष्टेने विचारलं, “आणि ही तुझ्याबरोबर कोण, कासिआन? इतकी देखणी बाई कुठे मिळाली?”

कासिआनने माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, मोकळ्या मनाने.

“ठाऊक नाही,” तो म्हणाला. “पण दुसऱ्यात उतरते. चांगली आहे.”

वेंडेलीनचा चेहरा उतरला. मी हसले. दुसरं काय करणार? पिशवीतून फोनऐवजी रुमाल काढला आणि सुरी पुसली.

आता एक गोष्ट लिहिते. तीन वेळा तुझ्या दारापर्यंत घेऊन आले होते, ती तशीच परत नेली. इथे तो पलीकडच्या पलंगावर झोपला आहे, दुपारची झोप, आणि पाऊस पत्र्यावर इतका वाजतो आहे की माझ्या पेनाचा आवाज त्याला जाणार नाही. मला असं वाटतं आहे की तो आवाज ऐकून त्याला कळेल. वेडेपणा आहे.

माझा पाय बर्फावर घसरला नाही, त्सेन्सी.

फेब्रुवारीत, मेणबत्त्यांच्या सणानंतरच्या आठवड्यात, तो उजाडायच्या आधी उठला. कामाचं नारिंगी जाकीट घातलं, पायांत घरातल्या सपाता. म्हणाला, वर फाटक उघडायला जायचंय, लोक थांबलेत. बाहेर बर्फ गुडघाभर होतं. मी दारात उभी राहिले. त्याला मी दिसलेच नाही. त्याला कोणी प्रवासी बाई दिसली, फाटकात आडवी उभी राहिलेली. तो नम्रपणे म्हणाला, “बाजूला व्हा, बाई. इथे उभं राहायचं नाही.” मी म्हटलं, कासिआन, मी बुर्गी. तो म्हणाला, “सगळे काहीतरी सांगतात.” आणि त्याने मला ढकललं. रागाने नाही. रस्त्यातला दगड बाजूला करतात तसं. पायऱ्यांवरून मी खाली गेले.

पुढचं ऐक, कारण मला तुझ्या भावाबद्दल कोणी अर्धंच ऐकलेलं नको आहे. मी पडल्याबरोबर तो धावत खाली आला. बर्फात गुडघे टेकून त्याने माझं डोकं मांडीवर घेतलं, जाकीट काढून माझ्यावर घातलं, माझ्या तोंडावरचं बर्फ बोटांनी पुसलं. कामावर असताना तो अपघातातल्या माणसांशी जसा बोलत असेल तसा बोलत होता, हळू आवाजात. “घाबरू नका. हलू नका. तुमचं घरी कोण आहे? कुणाला कळवू?”

मी म्हटलं, “नवरा आहे. घाटात कामाला असतो.”

“मग मी ओळखत असेन त्याला,” तो म्हणाला. “नाव काय?”

मी नाव सांगितलं. तो विचार करत राहिला. मग शेजारचे आले.

गावात मी सांगितलं, घसरले. तुलाही तेच सांगितलं. चर्चच्या पायऱ्यांवर कोणी म्हणालं असतं की कासिआनने बायकोवर हात उचलला, तर ते मला सहन झालं नसतं. उभ्या आयुष्यात त्याने माझ्यावर आवाज चढवला नाही. माझा चढायचा आणि तो पाटी टांगायचा. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा रोस्विता जवळ होती, तिच्यापुढे खोटं बोलता आलं नाही. तेव्हापासून ती माझ्या मागे लागली आहे. ती म्हणते, पुढच्या वेळी पायऱ्या नसतील आई, शेगडी असेल. तिचं चूक नाही. पण मनगटाचं मला काही वाटत नाही. मला भीती याची वाटते की एखाद्या दिवशी त्याला कळेल त्याने काय केलं. मी त्याला विचारून पाहिलं आहे, प्लॅस्टर दाखवून. तो म्हणाला, “काळजी घ्या. बर्फावर जपून चालावं.”

तर हे असं आहे. आता तू बशी हातात घेऊन काय बोलायचं ते बोल.

तुझी
बुर्गी


याउफेन, घाटमाथा, शुक्रवार, १६ मे

त्सेन्सी,

तुझी तब्येत कशी आहे हे विचारायचं राहून गेलं दोन्ही पत्रांत. कशी आहेस? गुडघा?

मी घाटावरच्या खानावळीत बसले आहे. समोर जवाचं सूप आहे, ते थंड झालं. बाहेर पाऊस आणि बर्फ दोन्ही एकत्र पडतं आहे, धड हे नाही, धड ते नाही. काल सोफी होती, पण तिने जाताना दार उघडं टाकलेलं दिसतं. खानावळवाल्या बाईचा मुलगा संध्याकाळी दूध आणायला खाली खोऱ्यात जातो, तुझ्याच वाडीवरून. हे पत्र तो तुझ्या हातात देईल. गोठ्यात असलीस तर गोठ्यात येऊन देईल, मी त्याला तसं सांगितलं आहे.

त्याला पोहोचवून आले.

काल इन्सब्रुकला राहिलो आणि आज सकाळी ब्रेनरवरून उतरलो. ब्रेनर कधी बंद नसतो, म्हणून त्याला तो घाट वाटतच नाही. “हा काय घाट? ही बाजारपेठ आहे.” मालमोटारींच्या रांगेत त्याने माझ्या बाजूची काच सारखी पुसून दिली. वाटेत एका वळणावर थांबून आम्ही वेंडेलीनने दिलेलं उरलेलं श्पेक गाडीतच खाल्लं. काचांवर वाफ धरली होती, बाहेरचं काही दिसत नव्हतं. त्याने माझ्या पावावरची चरबी काढून आपल्या पावावर ठेवली, कारण मी चरबी खात नाही. मी कोण हे त्याला ठाऊक नाही, पण मी चरबी खात नाही हे ठाऊक आहे. मी पाव हातात धरून बसून राहिले. तो म्हणाला, खा, गार होईल. पाव कसला गार होतोय.

त्याला मी सांगितलं होतं, रोस्विताकडे जायचंय. ती त्या घराच्या दारात उभी होती, डोळे सुजलेले, हसू ओढून आणलेलं. खोली चांगली आहे, खोटं कशाला बोलू. लाकडाची आहे, खिडकीतून याउफेनचा डोंगर दिसतो, म्हणजे ढग नसतील तेव्हा. पलंगावर घरची रजई मी आधीच पाठवली होती. तिथली बाई त्याला म्हणाली, या कासिआन, बसा. तो बसला नाही. तो बाहेर गेला.

आम्ही तिघी मागे. तो त्या लांब व्हरांड्यात एकेक दार उघडत गेला. आत बघायचा, टोपी काढायचा, “माफ करा” म्हणायचा, दार लावायचा. आतले म्हातारे त्याच्याकडे बघायचे, एका आजीने त्याला आत बोलावलं, तिच्या मेलेल्या भावाच्या नावाने. स्वयंपाकघरात डोकावला. कपड्यांच्या खोलीत गेला, तिथे वाकून चादरींच्या गाड्याखाली पाहिलं. रोस्विता माझा हात दाबत म्हणाली, “आई, त्याला बाहेरचा रस्ता हवाय. तो पळायला बघतोय.” मलाही तेच वाटलं. मी ठरवलं, त्याने दाराला हात घातला तर मी त्याला गाडीत बसवणार आणि घरी नेणार, मग तो मला रोज ढकलू दे.

बाहेरच्या दारापर्यंत तो गेला. काचेतून पाऊस पाहिला. आणि मागे फिरला.

आपल्या खोलीत येऊन पलंगावर बसला आणि बूट काढू लागला. नाड्या ओल्या होत्या, सुटत नव्हत्या. मी खाली बसून सोडवल्या. तो माझ्या डोक्यावरून बोलत होता, कामावरून आल्यावर बोलायचा तसा.

“झाली फेरी,” तो म्हणाला. “श्टिल्फ्स पाहिला. रेशेन पाहिलं, तिथे खाली उतरून पाहिलं. आपला घाट पलीकडून पाहिला. ब्रेनर. हे घर पाहिलं.”

“हो,” मी म्हटलं.

“सगळीकडे हाक मारली.”

“मारलीस.”

“वर कोणी राहिलं नाही ना?”

तेव्हा मला कळलं, त्सेन्सी. सोमवारपासून तो टेबलाखाली काय शोधत होता ते. मला वाटत होतं, मी त्याला फसवून फिरवते आहे. त्याने कधी, किती ओळखलं होतं, ठाऊक नाही. बॅग गाडीत ठेवताना पाहिली असेल. कदाचित ते त्याला मधूनमधून कळत होतं आणि मधूनमधून जात होतं. पण तो फिरायला आला नव्हता. घाट बंद करायच्या आधीची फेरी मारायला आला होता.

माझ्या हातात त्याचा बूट होता. मी म्हटलं, “नाही. कोणी नाही राहिलं.”

“नीट बघितलंस?”

“नीट बघितलं.”

“मग पाड फाटक, बुर्गी,” तो म्हणाला.

माझं नाव घेतलं. किती दिवसांनी घेतलं ते मी मोजत नाही. मी वर पाहिलं, तोवर तो खिडकीकडे बघत होता आणि त्याने त्या बाईला विचारलं, इथे सूप किती वाजता मिळतं. मी त्याचे बूट खाटेखाली ठेवले, त्यात वर्तमानपत्र कोंबलं, टाचेपर्यंत. त्याच्या कपाळाचा मुका घेतला, त्याने घेऊ दिला. मग बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. हळू ओढलं, पण ते लागलंच.

रोस्विता म्हणाली, आज माझ्याकडे राहा. मी नाही म्हटलं. इतक्या दिवसांच्या वळशानंतर मी तो तासाभराचा रस्ता धरला. चढताना काही झालं नाही. माथ्यावर आले, आणि आता उतार, दुसरा गिअर टाकायचा, आणि शेजारच्या सीटवर ब्रेक मारणारा पाय नाही. मी गाडी बाजूला घेतली. तेव्हापासून इथे बसले आहे. सूप दोनदा गरम करून दिलं त्या बाईने. ती काही विचारत नाही, चांगली आहे.

खाली घर आहे आणि घरात शेगडी आहे, तिची खोली आहे, जिथे तुझ्या घरातले डोळे मिटतात. मी त्या खोलीत एकटी बसू शकत नाही. आज तरी नाही. तुझ्यावर राग नाही माझा. तू चुकलीस असंही मी म्हणणार नाही, मला माहीत नाही कोण चुकलं. तू त्याची बहीण आहेस आणि त्याच्यानंतर बुटांत कागद टाचेपर्यंत कोंबणारं माणूस मला फक्त तूच माहीत आहेस. तुम्हाला दोघांना ते तुमच्या आईने शिकवलं.

कोणी राहिलं नाही असं मी त्याला खोटं सांगितलं, त्सेन्सी. त्याच्या कामात त्याला कोणी कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि मी सांगितलं.

आज रात्री इथेच राहते. या बाईकडे खोली आहे. उद्या सकाळी तुला वाटलं तर तुझ्याकडे दूध न्यायला येणाऱ्या गाडीतून वर ये. माझ्या शेजारी बस आणि काय ओरडायचं ते उतारभर ओरड. वाटलं नाही तर जिरेनियम तरी बाहेर काढ, म्हणजे घरी कोणी येऊन गेलं एवढं मला दिसेल.

पण तुझं फाटक एवढ्यात पाडू नकोस. आधी एकदा हाक मार.

वर राहिलेली,
बुर्गी